बर्लिनचा हिवाळा आणि इरावतीबाई

नाताळ जवळ आला की आमच्या पनवेल परिसरातील ख्रिस्ती घरांतून गोठे उभे राहू लागतात. गवत येते, मातीच्या मूर्ती कपाटातून बाहेर निघतात, ताऱ्यात दिवा पेटतो, आणि शेवटी कोणी तरी हौसेने गोठ्याच्या छपरावर कापूस पिंजून पसरतो. हा कापूस म्हणजे हिम! बेथलेहेमच्या त्या रात्री हिम पडले होते असे शुभवर्तमानात कोठेही म्हटलेले नाही. तरीही युरोपातून आलेल्या चित्रांनी आमच्या गोठ्यावर ते कायमचे पाडून ठेवले आहे. आम्हा कोकणपट्टीच्या लोकांची हिमाशी ओळख ती एवढीच. बर्फ आम्हांला ठाऊक आहे, पण तो मासळीबाजारातला, नाहीतर मे महिन्यातल्या रंगीत गोळ्याचा. सांताक्रूझच्या वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला, त्या थंडीची आठवण मुंबई परिसरातली वृत्तपत्रे अजून काढतात. पाणी गोठण्यासाठी त्यापुढेही सात अंशांहून अधिक खाली उतरावे लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे आमची थंडी किती सौम्य, ते कळते.

आज मात्र हे हिम आमच्या घरांच्या जवळ आले आहे. पनवेलच्या वेशीवरच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन २०२५ मध्ये झाले. आमच्या धर्मग्रामांतील मुलेमुली उच्च शिक्षणासाठी जर्मनी, कॅनडा, आयर्लंड अशा देशांत जात आहेत. मुलगी निघाली की आईचा पहिला प्रश्न असतो, 'तिकडची थंडी तुला सोसेल ना?' प्रश्न रास्तच आहे. परंतु परक्या विद्यानगरीत माणसाला सोसावी लागते ती थंडी एकाच प्रकारची नसते. एक थंडी हवेतली, तिच्यावर लोकरीचा उपाय चालतो. दुसरी थंडी विचारांतली असते. ती भल्याभल्या पंडितांची मने गोठवून टाकते आणि तिच्यावर लोकर चालत नाही. या दोन्ही थंड्यांना एकाच वेळी सामोऱ्या गेलेल्या एका मराठी विद्यार्थिनीची हकीकत आज वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांला वाटले.

ती विद्यार्थिनी म्हणजे इरावती कर्वे, आणि ते शहर बर्लिन. इ.स. १९२८ च्या नोव्हेंबर महिन्यात त्या जर्मनीला निघाल्या. त्यानंतर आलेला १९२८-२९ चा हिवाळा हा विसाव्या शतकातील युरोपच्या सर्वांत कडक हिवाळ्यांपैकी एक ठरला.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंजान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे कापसाच्या कंपनीत अभियंते होते. ब्रह्मदेशाची जीवनवाहिनी असलेल्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्यास हुजूरपागेच्या शाळेत धाडण्यात आले. पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरात ती मुलीसारखी वाढली आणि ग्रंथांची गोडी तिला तेथेच लागली. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ मध्ये तत्त्वज्ञानाची पदवी घेतल्यावर त्यांनी मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राचा अभ्यास केला. याच सुमारास त्यांचा विवाह महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकरराव यांच्याशी झाला. दिनकरराव रसायनशास्त्राचे अध्यापक होते आणि स्वतः जर्मनीत शिकून आलेले होते.

पत्नीनेही जर्मनीत जाऊन संशोधन करावे, असा दिनकररावांचा आग्रह होता. आश्चर्याची गोष्ट अशी की महर्षींना हा बेत पसंत नव्हता. ज्या पुरुषाने १८९३ मध्ये विधवेशी विवाह करून समाजाचा रोष पत्करला, १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये स्त्रियांचे विद्यापीठ स्थापन केले, त्याच पुरुषाने आपल्या सुनेच्या परदेशगमनास विरोध करावा! थोरांच्या चरित्रात असे कोपरे असतात. ते झाकून ठेवण्याचे कारण नाही, कारण थोर माणूसही आपल्या घराच्या उंबऱ्याशी कधीकधी अडखळतो, हे त्यावरून कळते. अखेर डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन पैशांची तजवीज झाली. दिनकरराव ठाम राहिले आणि बावीस वर्षांच्या इरावतीबाई निघाल्या.

त्या वेळचे बर्लिन हे चाळीस लाखांहून अधिक वस्तीचे महानगर होते. १८१० मध्ये स्थापन झालेले तेथील विद्यापीठ जगातील विद्वानांचे तीर्थक्षेत्र मानले जाई. आइन्स्टाइन तेथेच होते. शहराच्या नैऋत्येस डालेम नावाचे झाडीने वेढलेले उपनगर आहे. तेथे कैसर विल्हेल्म संस्थेने एकामागून एक संशोधनगृहे उभारली होती. अणूचे विभाजन पुढे १९३८ मध्ये तेथल्याच रसायनसंस्थेत घडून आले. याच डालेममध्ये १९२७ साली मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांची संस्था उघडली होती. तिचे संचालक प्राध्यापक ऑयगेन फिशर हे इरावतीबाईंचे मार्गदर्शक झाले.

आणि मग हिवाळा आला. १९२९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत उत्तर व पूर्व युरोपवर जड, थंड हवेचा प्रचंड थर येऊन बसला. सायबेरियाच्या दिशेने येणारे कोरडे पूर्वेचे वारे दिवसेंदिवस वाहू लागले. एरवी पश्चिमेचा अटलांटिक महासागर युरोपला ऊब पुरवत असतो, पण त्या ओल्या, उबदार वाऱ्यांची वाट या थराने अडवून धरली. त्यात जमिनीवर हिमाची चादर पसरली की ती सूर्याचे किरण परत फेकते आणि रात्री जमिनीची उरलीसुरली उष्णता वर निघून जाते. थंडीने हिम टिकते आणि हिमाने थंडी वाढते, असे ते चक्र आहे. बाल्टिक समुद्र गोठून जहाजे अडकली. ऱ्हाइन नदी ठिकठिकाणी गोठली आणि लोक तिच्यावरून पायी चालू लागले. दक्षिणेस व्हेनिसच्या खाजणातही बर्फ धरले.

बर्लिनमध्ये या थंडीचा कळस ११ फेब्रुवारी १९२९ या दिवशी झाला. त्या दिवशी शहरात पारा उणे २६ अंशांच्या आसपास उतरला. दुसऱ्याच दिवशी, १२ फेब्रुवारीला, बव्हेरियातील ह्यूल या खेड्यात उणे ३७.८ अंशांची नोंद झाली आणि जर्मनीतील नीचांक म्हणून ती आजही सांगितली जाते. आमच्या वाचकांना या तारखांत आणखी काही दिसेल. ११ फेब्रुवारी हा लूर्द मातेचा सण. १९२९ च्या त्याच दिवशी रोममध्ये लॅटरन करारावर सह्या झाल्या आणि व्हॅटिकन हे स्वतंत्र राज्य अस्तित्वात आले. त्या वर्षी ईस्टर ३१ मार्चला होता. म्हणजे १३ फेब्रुवारीस राखेचा बुधवार होता. हाडे गोठवणाऱ्या त्या आठवड्यात बर्लिनच्या चर्चमधून लोकांच्या कपाळी राख लावली गेली आणि माणूस मातीचा आहे, याची आठवण त्यांना देण्यात आली.

अशा हिवाळ्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. बर्लिनमधील जुन्या इमारतींत खोल्या उबदार ठेवण्यासाठी चिनीमातीच्या फरशा लावलेल्या उंच शेगड्या असत. त्यांत कोळशाच्या विटा जाळाव्या लागत. शहराचा कोळसा बराचसा नद्या आणि कालव्यांतून होड्यांनी येई. कालवे गोठले की होड्या थांबत आणि कोळसा महागे. बाहेरची बांधकामे बंद पडल्यामुळे गवंडी, मजूर, गाडीवान घरी बसले. त्या हिवाळ्यात जर्मनीतील बेकारांची संख्या सुमारे तीस लाखांवर गेली होती. जागतिक मंदीची लाट अजून यायची होती. हिमाच्छादित झाडांचे जे सौंदर्य पाहुण्याला मोहवते, तेच तळघरात राहणाऱ्या कुटुंबाला मृत्यूचे भय दाखवते. पुढच्या तीन-चार वर्षांत याच भुकेच्या आणि बेकारीच्या जमिनीत द्वेषाचे पीक जोमाने आले, हे विसरता कामा नये.

ब्रह्मदेशाच्या उष्ण मातीत जन्मलेल्या आणि पुण्याच्या उन्हात वाढलेल्या इरावतीबाईंचा परदेशातील हा पहिलाच हिवाळा. पण त्यांच्यापुढे वाढून ठेवलेले काम हवेहूनही थंड होते.

फिशर यांनी त्यांना जो विषय दिला तो मानवी कवटीच्या डाव्या आणि उजव्या बाजूंतील असमानतेचा होता. कोणत्याही माणसाची कवटी दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखी नसते. फिशर यांची कल्पना अशी की युरोपीय माणसाच्या कवटीत ही असमानता अधिक असावी. मेंदूच्या उजव्या पुढच्या भागाची वाढ त्याच्यात जास्त झाल्यामुळे ती येते आणि त्याची तर्कबुद्धी श्रेष्ठ असल्याची ती खूण आहे. म्हणजे उत्तर आधीच ठरलेले होते. ते आकड्यांनी सिद्ध करून दाखवायचे, एवढेच उरले होते. हे काम हिंदुस्थानातून आलेल्या एका तरुण स्त्रीकडे सोपवण्यात आले. तो सिद्धांत खरा मानला तर ती स्वतः कनिष्ठ ठरणार होती.

फिशर हे काही सामान्य अध्यापक नव्हते. १९०८ मध्ये ते जर्मनीच्या ताब्यातील नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात गेले होते. तेथे रेहोबोथ गावच्या मिश्रवंशीय कुटुंबांचा अभ्यास करून त्यांनी १९१३ मध्ये ग्रंथ लिहिला आणि वंशसंकराविरुद्ध मत मांडले. त्याच भूमीवर १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा या जमातींचा भयानक संहार केला होता. त्या आणि इतर वसाहतींतून माणसांच्या कवट्या पेट्यांत भरून जर्मनीतील संग्रहालयांत आणि प्रयोगशाळांत आणल्या गेल्या. कोणाची आई, कोणाचा भाऊ, पण प्रयोगशाळेच्या फळीवर त्याला नाव नव्हते, नुसता क्रमांक होता. युद्धात मारलेल्याला मातीही मिळू नये, आणि त्याच्या कवटीवरून मारणाऱ्याचे श्रेष्ठत्व मोजले जावे! यापेक्षा थंड विद्या ती कोणती?

इरावतीबाईंनी काय केले? त्यांनी भाषण केले नाही, निषेधाचे पत्रक काढले नाही. त्यांनी मोजमाप केले. युरोपीय आणि युरोपेतर अशा एकूण १४९ कवट्या त्यांनी तपासल्या. कवटीची मध्यरेषा निश्चित करावी, दोन्ही बाजूंची अंतरे कंपासासारख्या उपकरणाने घ्यावीत, मांडावीत, ताडून पाहावीत, असे हे कंटाळवाणे आणि डोळ्यांना शिणवणारे काम असते. आणि सर्व आकडे हाती आल्यावर त्यांनी जे दिसले ते लिहिले. कवट्यांत असमानता आहे, पण ती सर्वच मानवसमूहांत आहे. वंशाशी तिचा संबंध लागत नाही. युरोपीय माणसाची श्रेष्ठता सांगणारी कोणतीही खूण तीत नाही.

हे वाक्य लिहिणे आज सोपे वाटेल. परंतु वाचकांनी क्षणभर त्या मुलीच्या जागी उभे राहून पाहावे. ती परक्या देशात, परक्या भाषेत, कर्ज काढून आलेली होती. सासऱ्यांची संमती नव्हती, त्यामुळे रिकाम्या हाती परतण्याची सोय नव्हती. पदवी देणे न देणे ज्यांच्या हाती, त्यांचीच कल्पना तिच्या आकड्यांनी खोटी ठरत होती. आकडा किंचित इकडचा तिकडे केला असता तर विचारणारे कोणी नव्हते, उलट पाठीवर थाप मिळाली असती. विद्यार्थ्याच्या आयुष्यात असा एखादा क्षण येतोच की ज्या वेळी त्याला गुरूची मर्जी आणि वस्तुस्थिती यांतून एकाची निवड करावी लागते. इरावतीबाईंनी वस्तुस्थितीची निवड केली. १९३० मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि त्यांचा प्रबंध पुढच्या वर्षी जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. त्यांचे श्वशुर महर्षी कर्वे १९२९-३० मध्ये वयाच्या सत्तरीत जगप्रवासाला निघाले आणि त्यात बर्लिनलाही येऊन गेले, हाही एक सुखद योगायोग!

येथवर ही हकीकत एका मराठी स्त्रीच्या अभिमानाची आहे. पण आमच्यासारख्या ख्रिस्ती वाचकांसाठी तिचा एक भाग असा आहे की तो वगळला तर आम्ही अप्रामाणिक ठरू. डालेमच्या त्या संस्थेत सुप्रजननशास्त्राच्या विभागाचे प्रमुख होते हेर्मान मुकरमान. हे गृहस्थ कॅथलिक धर्मगुरू होते आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत येशूसंघाचे सभासद होते. 'उत्तम' संतती वाढावी आणि 'सदोष' संतती घटावी, या शास्त्राचा प्रचार ते कॅथलिक श्रोत्यांपुढे व्याख्यानांतून आणि पुस्तकांतून करीत. ते नाझी नव्हते. १९३३ मध्ये नव्या राजवटीने त्यांनाच त्या जागेवरून दूर केले. त्यांचे बंधू फ्रीडरिख मुकरमान हे येशूसंघी धर्मगुरू तर नाझींचे कडवे टीकाकार होते आणि त्यांना १९३४ मध्ये देश सोडून पळावे लागले. तरीही प्रश्न उरतोच. जी भाषा माणसामाणसांत उपयुक्त आणि निरुपयोगी असा भेद करते, ती भाषा एका धर्मगुरूच्या तोंडी इतक्या सहज कशी आली? त्याचे उत्तर असे की त्या काळी ती भाषा शास्त्राची, प्रगतीची, सुधारणेची म्हणून जगभर मान्य होती. अमेरिकेत आणि इंग्लंडातही ती बोलली जाई. सर्व विद्वान जे म्हणतात ते खरेच असणार, असे चांगल्या माणसांनाही वाटू लागते. थंडी अशीच चढते, पायांपासून. आपण गारठलो हे माणसाला उशिरा कळते.

ख्रिस्तसभेने अधिकृत उत्तर दिले ते ३१ डिसेंबर १९३० रोजी. पोप अकरावे पायस यांनी ख्रिस्ती विवाहावर 'कास्ती कोनुबिई' हे परिपत्र काढले. सुप्रजननाच्या नावाखाली माणसाचा विवाहाचा अधिकार हिरावून घेणे, किंवा राज्यसत्तेने निर्दोष माणसाच्या शरीराला इजा करून त्याला संततीस अपात्र बनवणे, या दोन्ही गोष्टींचा त्यात स्पष्ट निषेध केलेला आहे. लॅटरन करार ज्यांच्या कारकिर्दीत झाला तेच हे पोप. बर्लिनच्या एका प्रयोगशाळेत कवट्यांनी दिलेली साक्ष आणि रोमहून निघालेले हे पत्र, दोन्ही एकाच वर्षाच्या आगेमागे जगापुढे आली. एकीमागे मोजपट्टी होती, दुसरीमागे श्रद्धा. दोघींचे म्हणणे मात्र एकाच दिशेचे होते: माणसाचे मोल त्याच्या हाडामांसावरून ठरवता येत नाही.

दुर्दैवाने दोन्ही साक्षी ऐकल्या गेल्या नाहीत. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. फिशर त्याच वर्षी बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १४ जुलै १९३३ रोजी सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा मंत्रिमंडळाने संमत केला. त्यानंतर सहाच दिवसांनी, २० जुलैला, व्हॅटिकन आणि जर्मनी यांच्यातील करारावर सह्या झाल्या. त्या सह्यांत विघ्न येऊ नये म्हणून तो कायदा काही दिवस अप्रकाशित ठेवण्यात आला होता. या कायद्याखाली सुमारे चार लाख माणसांची शस्त्रक्रिया झाली. १९३९ नंतर पुढची पायरी आली. मनोरुग्ण आणि अपंग यांना 'जगण्यास अपात्र' ठरवून ठार मारले जाऊ लागले आणि दोन वर्षांत सत्तर हजार जीव गेले.

त्या अंधारात काही ज्योती पेटल्या, त्यांची नावे आमच्या मुलांना ठाऊक असावीत. म्यून्स्टर हीही एक विद्यानगरीच. तेथील बिशप क्लेमेन्स फॉन गालेन यांनी ३ ऑगस्ट १९४१ रोजी व्यासपीठावरून या हत्यांचा उघड धिक्कार केला. त्यांच्या प्रवचनाच्या प्रती हातोहात देशभर फिरल्या आणि त्याच महिन्यात ती योजना अधिकृतपणे थांबवावी लागली. गुप्तपणे हत्या पुढेही चालू राहिल्या, तरी एका निर्भय शब्दाने काय होते ते दिसले. बर्लिनच्या संत हेडविग कॅथीड्रलचे धर्मगुरू बेर्नहार्ड लिख्टेनबेर्ग हे १९३८ पासून रोज सायंकाळी ज्यू बांधवांसाठी उघडपणे प्रार्थना करीत. त्यांना अटक झाली आणि डाखाऊच्या छळछावणीकडे नेत असता ५ नोव्हेंबर १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये बर्लिनमध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले. फॉन गालेन यांना तो मान २००५ मध्ये मिळाला.

डालेमच्या त्या संस्थेचे पुढे काय झाले? फिशर यांच्या जागी १९४२ मध्ये आलेल्या संचालकांचा एक शिष्य आउश्वित्झच्या छावणीत डॉक्टर होता. त्याचे नाव योसेफ मेंगेल. तेथे मारलेल्या माणसांच्या शरीराचे अवयव अभ्यासासाठी डालेमला पाठवले जात. ज्या दालनांत १९२९ साली निमूट कवट्या मोजल्या गेल्या, त्या दालनांची वाटचाल येथवर झाली. आज त्या परिसरात फ्री युनिव्हर्सिटी हे विद्यापीठ आहे. २०१४ मध्ये तेथे खोदकाम चालू असता जमिनीतून मानवी अस्थी निघाल्या. पुढील उत्खननात हजारो तुकडे सापडले. ते कोणाचे, हे शोधण्यासाठी त्यांची पुन्हा चिरफाड करू नये, त्यांचे वंश पुन्हा मोजू नयेत, असे ठरले. ज्यू, सिंती-रोमा आणि आफ्रिकी समाजांच्या प्रतिनिधींशी विचारविनिमय करून २०२३ च्या मार्चमध्ये डालेमच्या दफनभूमीत त्या सर्व अस्थींना एकत्र मूठमाती देण्यात आली. शेवटी कोणी त्यांना क्रमांक दिला नाही. मातीने त्यांना आपले म्हटले.

इरावतीबाई स्वदेशी परतल्या. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र शिकवले. 'युगान्त' या त्यांच्या पुस्तकाला साहित्य अकादमीचे पारितोषिक लाभले. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले. खरे सांगावयाचे तर मोजपट्टी त्यांच्या हातून सुटली नाही. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत हिंडून त्यांनी निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांची शरीरमापे घेतली. त्या पद्धतीची कठोर चिकित्सा आजचे अभ्यासक करतात, आणि ती करावीही. मात्र त्यांतूनही त्यांना दिसले ते असे की एका नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाती एका मुळाच्या नसतात. कुंभार म्हटले तरी त्यांत निरनिराळे गट, निरनिराळी चाके, निरनिराळ्या चाली आहेत. जातीच्या रक्तशुद्धतेचा डौल त्यांच्या आकड्यांपुढेही टिकला नाही.

त्यांच्या एका लेखाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. पंढरीच्या वारीत त्या दिंडीबरोबर पायी चालल्या आणि 'वाटचाल' हा लेख त्यांनी लिहिला. ज्या दिंडीत एकाच विठ्ठलाचे नाव मुखी आहे, तीच माणसे मुक्कामाला पोहोचली की जातीप्रमाणे वेगळाल्या पंक्तीला बसतात, हे पाहून त्यांना झालेले दुःख त्या लेखात आहे. बर्लिनमध्ये कवट्यांच्या फळ्यांपुढे उभी राहिलेली स्त्रीच तेथे दोन पंक्तींच्या मध्ये उभी होती.

आणि आम्ही? आम्ही ख्रिस्ती माणसे एकाच वेदीभोवती जमतो, एकाच भाकरीतून वाटा घेतो. ख्रिस्तामध्ये वंशाचे, दर्जाचे, लिंगाचे भेद उरत नाहीत, ही संत पौलाची शिकवण आमच्या कानांवरून वर्षानुवर्षे गेली आहे. पनवेलसारख्या नव्याने वाढलेल्या शहरातील धर्मग्रामांत वसईचे कुपारी, वाडवळ, कोळी, भंडारी आहेत, गोव्याचे आहेत, मंगळूर-केरळचे आहेत, अहमदनगरकडून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडून आलेली मराठी कुटुंबे आहेत. मिस्साला सर्वजण एका बाकावर बसतात. मात्र घरात सोयरीक निघाली की 'मुलगा कोणाच्यातला?' हा प्रश्न हळू आवाजात का होईना, विचारला जातो. गोरी सून, उंच जावई, 'आपल्यातले' घर, ही आमची मोजपट्टी. ती पोलादाची नसेल, पण मोजते तेच. जन्माला येणाऱ्या बाळात काही व्यंग आहे असे कळताच आप्तेष्टांच्या चेहऱ्यावर जी छाया येते, तीही याच मोजमापाची. आमच्या पनवेलजवळ नेरे येथे शांतिवन आहे. समाजाने दूर लोटलेल्या कुष्ठरोग्यांची सेवा तेथे कित्येक वर्षे चालत आली आहे. मोजपट्टी बाजूला ठेवली की माणूस कसा दिसतो, हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

तेव्हा परदेशी निघालेल्या आमच्या मुलींना आम्ही लोकरीचे कपडे जरूर द्यावेत, हातमोजे द्यावेत, हिमावर न घसरणारे जोडे द्यावेत. पण त्याबरोबर तेवीस वर्षांच्या इरावतीबाईंची ही हकीकतही सांगावी. त्यांना म्हणावे, बाळ, तिकडचे गुरुजन थोर असतील, त्यांचा मान राख. मात्र तुझ्या हातातील आकडा एक सांगत असेल आणि थोरांचे म्हणणे दुसरे असेल, तर आकड्याची बाजू सोडू नकोस. आणि कोणाच्याही कवटीवरून, कातडीवरून, कुळावरून त्याचे मोल ठरवणारी विद्या कितीही मोठ्या इमारतीत शिकवली जात असली, तरी तिच्यापुढे मान तुकवू नकोस.

येत्या नाताळात गोठ्यावर कापूस पसरताना आम्हांला त्या हिवाळ्याची आठवण होईल. त्या गोठ्यातील बाळाला कोणी मोजून पाहिले नव्हते. मेंढपाळ आले आणि परदेशी ज्ञानी लोकही आले, आणि दोघांनीही गुडघे टेकले.